गाव कोणतं?

इंदिरानगरच्या वळणावर परवा द्राक्षांची पहिली हातगाडी दिसली आणि मी गाडी बाजूला घेतली. खरं म्हणजे नाशिकच्या डॉक्टरला द्राक्षं विकत घ्यायची वेळ येत नाही. माघ लागला की पेशंट, पेशंटचे भाऊ, भावांचे व्याही अशा वाटेने पेट्या आपोआप दारात येतात, आणि फाल्गुनात आपणच शेजाऱ्यांना "घ्या हो, थोडी तरी घ्या" म्हणून विनवत फिरतो. तरीही पहिली गाडी दिसली की मला राहवत नाही. एक मणी तोंडात टाकला. आंबट! पहिल्या गाडीची द्राक्षं आंबटच असतात, आणि दर वर्षी मी तितक्याच उत्साहाने फसते.

तेवढ्यात फोन आला. मृणाल होती. "मॅडम, शोभाताईंचं ठरलं. या गुरुवारी. राहिलेली बाजू."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिले. गाडीवाला म्हणाला, "ताई, गोड नसंल तर उद्या बदलून देतो." त्याला काय सांगणार? मी काही द्राक्षांमुळे थांबले नव्हते.

मी भूल देणारी डॉक्टर. आमच्या धंद्याची गंमत अशी की काम चोख झालं तर पेशंटला आम्ही आठवतच नाही. डोळे मिटायच्या आधी एक चेहरा, उघडल्यावर तोच चेहरा, मधलं सगळं कोरं. ऑपरेशन करणाऱ्याचं नाव गावभर होतं आणि आमचं नाव बिलावर असतं. याबद्दल मी बरीच वर्षं कुरकुर करत आले आहे, आणि ज्यांच्याजवळ केली ते दाते सर तेवढीच वर्षं हसत आले आहेत.

दाते सर आमचे गळ्याचे सर्जन. उंच, किंचित वाकलेले, थिएटरमध्ये जुनी नाट्यगीतं बेसूर गुणगुणणारे. थायरॉईडची गाठ काढावी तर सरांनी, असं कळवण-सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत मानलं जातं. या ऑपरेशनमध्ये एक मेख असते. गाठीच्या मागून स्वरयंत्राकडे एक नस जाते, शेवईएवढी जाड, पांढुरकी. डावीकडे एक, उजवीकडे एक. एक दुखावली तर आवाज बसतो. दोन्ही दुखावल्या तर आवाज तर जातोच, श्वासही अडतो, आणि गळ्याला भोक पाडून नळी बसवायची पाळी येते. ही नस जपायला सरांकडे दोन साधनं होती. एक त्यांचे डोळे आणि दुसरा त्यांचा प्रश्न.

प्रश्न असा: "गाव कोणतं?"

ऑपरेशन संपलं, मी घशातली श्वासाची नळी काढली, पेशंट थोडा जागा झाला की सर त्याच्या तोंडाशी कान नेऊन विचारायचे, "गाव कोणतं?" पेशंट भुलीच्या धुंदीत म्हणायचा, "पेठ." "दिंडोरी." "ननाशी." बाई असेल तर कधी माहेरचं गाव सांगायची आणि मग नवऱ्याला ते कळलं की बाहेर हशा. गावाचं नाव नीट ऐकू आलं की सर मान हलवत आणि डोक्यावरची टोपी काढत. त्याआधी ती टोपी डोक्यावरून उतरायची नाही, चहा व्हायचा नाही आणि सर घरी जायचे नाहीत. नव्या सिस्टरला आम्ही पहिल्याच दिवशी सांगायचो: सरांची टोपी बघ, ती उतरली म्हणजे सगळं ठीक.

मागच्या द्राक्षांच्या हंगामात या दोन साधनांत तिसऱ्याची, एका मशीनची, भर पडली. ते मृणालने आणलं.

मृणाल सरांचीच विद्यार्थिनी. नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेली, वडील नोटांच्या छापखान्यात तपासणीला होते. सरांच्या हाताखाली तिने टाक्यांच्या गाठी मारायचं शिकून घेतलं, आणि द्राक्ष सोलायलाही. हो, द्राक्ष! सरांची ती शिकवायची रीतच आहे. बारीक चिमट्याने मण्याची साल काढायची, आतला गर फुटता कामा नये, रसाचा थेंब टेबलावर पडता कामा नये. ज्याला हे जमेल त्याने गळ्याला हात लावायचा. मृणालला कितीतरी दिवस ते जमत नव्हतं आणि तिची बिघडलेली द्राक्षं सर समोर बसून मजेत खात. पुढे ती बाहेर शिकायला गेली आणि ते मशीन वापरायचं शिकून परत आली. आता इथल्या सर्जनांना ते शिकवायचं तिने मनावर घेतलं, आणि पहिले विद्यार्थी म्हणून कोण बसलं? स्वतः दाते सर. पहिल्या दिवशी चहाच्या खोलीत तिने सरांपुढे बशी सरकवली. बशीत एकच द्राक्ष आणि चिमटा. "सर, आधी हे सोला. मग शिकवते." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मशीन तसं साधं. मी घशात जी नळी घालते तिच्यावर तारा बसवलेल्या असतात आणि त्या स्वरतंतूंना चिकटून बसतात. सर्जन एका बारीक काडीने नसेला अगदी हलका विजेचा स्पर्श करतो. नस शाबूत असेल तर स्वरतंतू हलतात, पडद्यावर लाट उमटते आणि मशीन बोलतं, टुक, टुक, टुक. सरांनी त्याचं नाव लगेच 'टुकटुकं' ठेवलं.

शिकायचं मलाही होतंच. पेशंट ढिला ठेवणं हा आम्हा भूलवाल्यांचा धर्म. इथे नेमकं उलटं. स्नायू ढिले करायचं औषध अंगात राहिलं तर स्वरतंतू हलणार कसे आणि टुकटुकं बोलणार कसं? म्हणून ते औषध सुरुवातीला थोडं, लवकर उतरणारं, आणि नंतर नाहीच. परिणाम असा की मधेच पेशंट किंचित हलायचा आणि सर ओरडायचे, "मॅडम, पेशंट हलतोय!" मी म्हणायचे, "हलणारच सर. तुमच्याच टुकटुक्याची कृपा." एवढ्या वर्षांत प्रथमच मला त्यांना उलटून बोलायची अधिकृत परवानगी मिळाली होती आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेतला.

एकदा तर गंमतच झाली. नळी मी अगदी जागच्या जागी बसवली, कॅमेऱ्याने पाहिली, मृणालने पाहिली. खांद्याखाली उशी देऊन मान मागे केली, सरांनी सुरुवात केली, काडी टेकवली. मशीन गप्प. पुन्हा टेकवली. गप्प. सर चादरीवरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही याला पण भूल दिली का?" मृणाल म्हणाली, "मान मागे केली की नळी सरकते, सर. म्हणून मान मागे केल्यावर परत बघायचं असतं." मी कॅमेरा आत घातला. खरंच, तारांचा भाग वर सरकला होता. जरासा खाली ढकलला. सरांनी काडी टेकवली. टुक.

सरांचा चेहरा मास्कमागे होता, पण डोळे दिसत होते. जन्मभर जी नस त्यांनी फक्त पाहिली होती ती त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. त्यांनी पुन्हा काडी टेकवली. टुक, टुक. पुन्हा. शेवटी मृणाल म्हणाली, "सर, पुरे आता. ती कंटाळेल." मला तेव्हा सरांचं फार कौतुक वाटलं. निवृत्तीच्या वयाला आलेला माणूस आपल्याच विद्यार्थिनीकडून नवी गोष्ट शिकतो आणि त्यात इतका रमतो, हे रोज कुठे बघायला मिळतं?

मृणालचे नियम कडक. कशालाही धक्का लावायच्या आधी मानेतल्या मोठ्या नसेवर काडी टेकवून आवाज ऐकायचा, कारण स्वरयंत्राची नस तिलाच फुटलेली फांदी. काम संपल्यावर तिथेच टेकवून पुन्हा ऐकायचा. सुरुवातीला ऐकलं नसेल तर शेवटच्या शांततेला अर्थ नाही. आणि शेवटचा नियम: पहिल्या बाजूला आवाज गेला, तर दुसऱ्या बाजूला त्या दिवशी हात लावायचा नाही. सर हे सगळं मान्य करायचे, फक्त शेवटच्या नियमाला हुंकार द्यायचे नाहीत. पेशंटला एकदाच टेबलावर घ्यायचं आणि काम पुरं करूनच उठायचं, हे त्यांनी आम्हाला इतकी वर्षं सांगितलं होतं. अर्धवट काम त्यांना सहन होत नसे. जेवणाच्या ताटातसुद्धा ते काही टाकत नसत.

आणि त्याच हंगामात शोभाताई आल्या.

शोभाताई नाशिक-सटाणा गाडीवर कंडक्टर. गळ्याला दोन्ही बाजूंनी गाठ, साधीच, पण एवढी वाढलेली की खाकी शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. चढ चढताना धाप लागायची. तपासायला आल्या त्या दिवशी बाहेर वऱ्हाड असावं अशी गर्दी होती आणि त्या दारातून म्हणाल्या, "चला, सरका पुढं, पुढं जागा आहे!" लोक खरंच सरकले. असा खणखणीत आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

भुलीच्या आधी मी प्रत्येकाशी बोलते. भीती कशाची वाटते, असं विचारलं तर बहुतेक जण सुईचं नाव घेतात. शोभाताई घरच्या बोलीत म्हणाल्या, "मॅडम, बाकी काय करायचं ते करा. मना आवाज तेवढा ठेवा. आवाज शे तं कंडक्टर शे."

मी त्यांचा हात धरला. "सरांच्या हातून जाणार नाही," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं वचन द्यायचं नसतं. मी म्हटलं, "आम्ही सगळे तेवढंच बघणार आहोत."

डावी बाजू मोठी होती, ती आधी घेतली. मोठ्या नसेवर काडी, टुक, टुक. गाठ दगडासारखी घट्ट आणि मागे नसेला रेटून बसलेली. सरांनी ती अगदी हळुवारपणे सोडवली, नाट्यगीतसुद्धा बंद ठेवून. गाठ बाहेर आली. नस समोर दिसत होती, सलग, पांढरी. सर म्हणाले, "बघ. अख्खी आहे." मृणाल म्हणाली, "मोठी नस बघू या, सर."

काडी टेकली. काहीच नाही.

मी कॅमेऱ्याने नळी पाहिली. जागेवर होती. औषध केव्हाच उतरलेलं. मृणालने उजव्या बाजूच्या मोठ्या नसेवर काडी टेकवायला लावली. टुक, टुक, टुक. म्हणजे मशीन ठीक, नळी ठीक, भूल ठीक. डाव्या नसेवर पुन्हा काडी. पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ.

सर हात छातीशी जोडून उभे राहिले. निर्जंतुक हात कुठे ठेवायचे म्हणून सर्जन तसे उभे राहतातच, पण त्या वेळी ते कुणाची तरी विनवणी करताहेत असं दिसत होतं. कोमट सलाइन ओतलं, वाट पाहिली, पुन्हा काडी टेकवली. नाहीच. उजवी गाठ समोर होती, ऐटीत बसलेली. डोळ्यांना नस अख्खी दिसत होती. जुन्या दिवसांत सर पुढे गेले असते आणि बहुतेक वेळा सगळं नीट झालंही असतं. बहुतेक वेळा. मृणाल काही बोलली नाही.  मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि ती शोभाताईंसाठी होती तितकीच सरांसाठीही.

मग सर म्हणाले, "टाके द्या. बंद करू या."

बाहेर नवऱ्याला सांगायला ते स्वतः गेले. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "अर्धंच, डॉक्टर?" सर म्हणाले, "हो. अर्धंच. आज पुढे जाणं धोक्याचं होतं." एवढं बोलून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नस म्हणजे काय ते शांतपणे समजावून सांगितलं.

शोभाताई जाग्या झाल्या. सर वाकले. "गाव कोणतं?"

ओठ हलले. हवा आली, आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, डोळे मोठे झाले, हात गळ्याकडे गेला. सरांनी तो हात मधेच धरला. "राहू दे, शोभाताई. मला माहीत आहे. सटाणा." शोभाताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सर पलंगाच्या कडेला बसून राहिले. टोपी डोक्यावरच होती.

दुपारी चहाच्या खोलीत द्राक्षांची पेटी उघडी पडली होती, कुणी हात लावत नव्हतं. सर मृणालला म्हणाले, "तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही थांबाल असं वाटलं होतं."

"आणि थांबलो नसतो तर?"

"तर हात धरला असता, सर."

 सरांनी पेटीतला एक मणी उचलून तिच्या हातात दिला आणि ते उठून गेले. मी डोळे पुसायला खिडकीशी गेले. खाली कुणी तरी गाडीवर पेट्या चढवत होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस सरांचं लक्ष नसायचं. शोभाताई दर आठवड्याला येत, श्वासाचे, स्वरांचे व्यायाम करत, घोगऱ्या कुजबुजीत बोलत. रजा संपली तशा गाडीवर रुजूही झाल्या. देवळ्याच्या कॉलेजच्या मुलींनी आपसांत ठरवून घेतलं आणि थांबा आला की त्याच ओरडायला लागल्या, "सोग्रस फाटाऽ! उतरा, उतरा!" शोभाताई नुसती बेल मारायच्या. हे सांगताना त्या हसायच्या, आणि ते हसूही बिनआवाजी असायचं. मला ते बघवायचं नाही.

आणि मग वैशाखातल्या एका दुपारी त्या तपासायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सरका पुढं!" मी खुर्चीतून उठलेच. झालं होतं असं की पिंपळगावजवळ एक माणूस चालत्या गाडीतून उतरायला निघाला आणि त्या सगळं विसरून ओरडल्या, "ओ भाऊ, थांब!" माणूस थांबला. ड्रायव्हरही थांबला. गाडीभर टाळ्या पडल्या. कॅमेऱ्याने पाहिलं तर डावा स्वरतंतू उजव्याच्या बरोबरीने हलत होता. नस तुटली नव्हती, रुसली होती.

राहिलेल्या बाजूचं मात्र कुणी नाव काढेना. सरांनी त्यांना मोकळेपणाने सांगितलं, दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर मी चिठ्ठी देतो. शोभाताई म्हणाल्या, "कशाला? सिंगल बेल ऐकून गाडी थांबवणारा ड्रायव्हर आहे तुम्ही. मी दुसऱ्याच्या गाडीत कशाला बसू? द्राक्षं येऊ द्या, मग येते."

आणि द्राक्षं आली.

गुरुवारी सकाळी गारठा होता. थिएटरमध्ये मृणालकडे शिकायला आलेले कळवण आणि मालेगावचे दोन सर्जन मागे उभे होते. नळी, मग मान मागे, मग पुन्हा नळी. सरांनी आता कुणी न सांगता आधी डाव्या जुन्या नसेची विचारपूस केली. टुक, टुक. मग उजवीची. टुक, टुक. मला वाटतं मी संपूर्ण वेळ श्वास रोखूनच होते, जे भूलतज्ज्ञाने करू नये. गाठ निघाली. शेवटी मोठ्या नसेवर काडी टेकवताना सरांचा हात क्षणभर थांबला.

टुक. टुक. टुक.

मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणी तरी हळूच "वा" म्हणालं. सरांनी मान वळवून त्यांना सांगितलं, "आत्ता नाही. मशीनने सांगितलंय, पेशंटने अजून सांगितलेलं नाही."

मी नळी काढली. शोभाताईंनी खोकल्यासारखं केलं, डोळे मिटलेलेच. सर वाकले. आम्ही सगळेच वाकलो.

"शोभाताई, गाव कोणतं?"

 शोभाताई मिटल्या डोळ्यांनीच, जाड पण स्वच्छ आवाजात सुरू झाल्या, "आडगाव... ओझर... पिंपळगाव... वडाळीभोई... सोग्रस फाटा... देवळा... सटाणा." एकेक थांबा नीट घेत, घाई न करता. सटाण्याला पोचल्यावर त्यांनी डोळे किलकिले केले. समोर सर होते, हिरवी टोपी घातलेले, अगदी जवळ वाकलेले.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुमले कोठे जानं शे?"

सरांनी टोपी काढली.

"घरी," ते म्हणाले.